श्रूजबरीतला अल्बानिया आणि माझी शोकसभा

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो मला नायगारा विचारतो. नायगारा मी पाहिला. पुष्कळ पाणी आहे. याहून जास्त कुणाला हवं असेल तर त्यांनी आमच्या विहीणबाईंना गाठावं, त्यांच्याकडे चारशे फोटो आहेत आणि त्या ते सगळे दाखवतात. मी सहा महिने राहून जो देश पाहून आले तो अल्बानिया. मॅसॅच्युसेट्स राज्यात श्रूजबरी नावाचं गाव आहे, तिथे कपडे दुरुस्त करून देणारं एक छोटं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत तो देश आहे. जायला व्हिसा लागत नाही, पण मला मात्र तिथून जवळजवळ हद्दपार केलं होतं. ते का, ते सांगते.

एप्रिल

माझा मुलगा श्रीरंग आणि सून केतकी दोघंही श्रूजबरीत सॉफ्टवेअरमध्ये. तो आमच्या इचलकरंजीचा, ती नागपूरची, आणि त्यांची दहा वर्षांची ईरा कुठलीच नाही, म्हणजे तिथलीच. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना आपलंच बरोबर वाटतं.

गाव देखणं आहे. तळ्याकाठी झाडं, लाकडी घरं, घरापुढे हिरवळ. घरांना कुंपणं नाहीत, तरी कुणी कुणाच्या अंगणात पाय ठेवत नाही. आमच्याकडे कुंपणं आहेत, आणि सगळी गल्ली त्यांच्यावर कोपर टेकून बोलत उभी असते. सकाळी आठला घरातले तिघं तीन दिशांना गेले की जी शांतता पडते, ती मला पहिल्या आठवड्यात फार आवडली. दुसऱ्या आठवड्यात दोनदा माणसाचा आवाज आला म्हणून मी दाराकडे धावले. एकदा कुरिअरवाला होता. दुसऱ्यांदा मीच बोलत होते.

करायला काही नाही म्हणून मी चीज खाल्लं. महिन्याभरात ब्लाउज होईनात.

"आई, नवीन ऑनलाइन मागवू या," केतकी म्हणाली.

"कशाला? आत बोटभर माया ठेवली आहे. उसवून दिली की झालं."

कपडे दुरुस्तीचं दुकान चालत दहा मिनिटांवर निघालं. चालत जाते म्हटल्यावर श्रीरंगने माझ्या फोनवर लोकेशन शेअर करून दिलं, पाण्याची बाटली दिली, आणि मी वाटेत असताना दोन फोन केले. ज्या बाईने पन्नास मुलींची सहल पन्हाळ्यावरून परत आणली, तिला हे. पण रस्त्याला मी सोडून खरोखर कुणी चालत नव्हतं. दोन मोटारी थांबल्या आणि लिफ्ट हवी का विचारून गेल्या. पायी चालणारी म्हातारी म्हणजे तिथे अपघात झालेला असतो.

दुकानात काउंटरमागे साठीतली एक बाई होती. खांदे रुंद, केस आखूड, गळ्यात मोजायची पट्टी. मी ब्लाउज पुढे केला, तो तिने बाजूला ठेवला आणि माझा पदर दोन बोटांत धरून चुरगाळला, उजेडाकडे नेला.

"यंत्रावरचं," ती म्हणाली. "पण चांगलं यंत्र. माणूस आळशी नव्हता."

मी इचलकरंजीची. गावात माणसांपेक्षा माग जास्त, अशी आमच्यात थट्टा आहे. परक्या मुलखात कुणी माझ्या पदरावरून विणकराची जात ओळखावी, म्हणजे मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिचे वडील कापडगिरणीत फोरमन होते. गिरणी कुठे, विचारलं.

"अल्बानिया," ती म्हणाली. "तुला माहीत नसेल. कुणालाच नसतो."

मला माहीत होता. तीच तर पंचाईत.

थोडं मागे जाऊन

आता एका मूर्ख मुलीची ओळख करून देणं भाग आहे. वय अठ्ठावीस, इचलकरंजीच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारी, खांद्याला कापडी पिशवी, संध्याकाळी यंत्रमाग कामगारांच्या युनियनच्या कचेरीत हजर. ती मी. जगात कुठे काय चुकलंय ते मला तेव्हा सगळं ठाऊक होतं. रशिया बिघडलेला, चीन बिघडलेला. सगळ्या युरोपात एकच देश प्रामाणिक राहिला होता, अल्बानिया. हे मला कसं कळलं? त्या देशाचं एक रंगीत इंग्रजी मासिक कचेरीत टपालाने फुकट यायचं. गुळगुळीत कागद, गहू, ट्रॅक्टर, हसऱ्या मुली. शाळेच्या नकाशात अल्बानिया नेमका टाचणीखाली आला होता, म्हणून तो देश मी कधी धड पाहिलेला नव्हता. त्याने माझ्या मतात फरक पडला नाही.

पंच्याऐंशी साली तिथला हुकूमशहा वारला. आम्ही हुकूमशहा म्हणत नव्हतो, मी तर ते नाव असं घ्यायची जसं काही ते आमचे थोरले मामा. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या, आणि मी जाहीर केलं की शोकसभा घ्यायची. यंत्रमागाच्या शेडमध्ये. माग बंद करून.

फोटो लागणार होता. मासिकाच्या जुन्या अंकात एक मिळाला: मंचावर दोन माणसं, दोघांच्या अंगात ओव्हरकोट, दोघांच्या डोक्यावर हॅट. खाली नावं नव्हती. एक उंच, देखणा, सिनेमातल्यासारखा. दुसरा कडक तोंडाचा, पोट बिघडल्यासारखा. मी कात्री घेऊन कडक तोंडाचा कापला.

"बाई, नक्की हाच ना?" युनियनच्या पाटलांनी विचारलं.

"क्रांती करणारा माणूस त्या दुसऱ्याइतका देखणा असतो का कधी?" मी म्हणाले. पाटील स्वतः फार देखणे नव्हते. त्यांना पटलं.

मग हार घातला, मी पंचवीस मिनिटं बोलले, मधे रडलेही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कामगाराने शेजारच्याला विचारलं, "बाईंचा कोण होता रे?" शेवटी आम्ही राजधानी तिरानाला तारही केली.

त्या सभेचा फोटो आहे. त्यात हार घातलेल्या त्या तसबिरीशेजारी मी तोंड उघडून, मूठ वर करून उभी आहे, मागे कामगार बसलेले. तो ध्यानात ठेवा.

मे

मिमोझाला मी यातलं काही सांगितलं नाही. तिचं नाव मिमोझा. आपल्याकडे शास्त्रीय पुस्तकात लाजाळूला हे नाव आहे, आणि एवढं चुकीचं नाव मी दुसऱ्या कुणाला दिलेलं पाहिलं नाही. अल्बानियाबद्दल कुठे वाचलंस, तिने विचारलं. मी "लायब्ररीत" म्हणाले आणि ब्लाउजच्या बटणांकडे पाहू लागले.

दुपारी तिच्याकडे गिऱ्हाईक नसे. मी जाऊन बसू लागले. तिचं इंग्रजी तुटक, क्रियापदं कमी. माझं पुस्तकी, पूर्णविराम कमी. इथे सगळं मराठीत देते, म्हणजे दोघींची अब्रू राहते.

पाहुणा आला की आधी गोड, ही त्यांची रीत. मागच्या खोलीत खुर्चीवर बसवून तिने बशीत एक चमचा दिला, चमच्यात पाकातलं अख्खं अंजीर, बाजूला थंड पाण्याचा पेला. आपलं गूळ-पाणीच की. अंजीर खायचं, पाणी प्यायचं, यजमानाचं भलं चिंतायचं. मग कॉफी, लहानशा पितळी भांड्यात उकळलेली, तळाला गाळ. पहिल्या दिवशी मी गाळासकट प्यायले आणि सभ्य चेहरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी थालीपिठं नेली. "आणखी वाढू?" म्हटलं. तिने मान वरखाली हलवली, मी वाढलं. पुन्हा विचारलं, पुन्हा मान. चौथ्या थालीपिठाला तिने माझा हात धरला. त्यांच्याकडे मान वरखाली म्हणजे नको, आणि आडवी म्हणजे हो. इकडे मी आपल्या पद्धतीने नको म्हणून मान आडवी हलवत राहिल्याने तीन कप कॉफी पोटात गेली होती. घरी जाऊन रात्रभर टक्क जागी.

तिच्या गावात दुधाच्या रांगेत पहाटे माणसाऐवजी दगड ठेवत. प्रत्येकाचा दगड ओळखीचा. आम्ही रॉकेलच्या रांगेत डबे ठेवायचो. "दगड चोरीला जायचे?" मी विचारलं. "दगड नाही, जागा जायची," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे डबा आणि जागा दोन्ही. तिला हे फार आवडलं. आपला देश दुसऱ्याच्या देशापेक्षा किती वाईट होता, यावर दोन बायका किती छान भांडू शकतात ते मला तिथे कळलं.

पण एका दुपारी भांडण संपलं. ती एका पँटची शिवण उसवता उसवता सांगत होती, वर न बघता.

तिच्या लहानपणी देशाचा पंतप्रधान तिच्या बापाच्या गिरणीत आला होता. फोटो निघाला: पंतप्रधान मधे, त्याचा हात फोरमनच्या खांद्यावर. घरात भिंतीवर लावला. पुढे एका हिवाळ्यात रेडिओने सांगितलं की पंतप्रधानाने स्वतःवर गोळी झाडली. आणखी थोड्या दिवसांनी सांगितलं की तो सगळ्या जगाचा हेर होता. मग हुकूमशहाचं फर्मान निघालं, तो जिथे जिथे असेल तिथून काढून टाका. पुस्तकातून, अल्बममधून, भिंतीवरून. घरोघरी लोक कात्र्या घेऊन बसले.

"माझ्या बापाने नीट कापला," मिमोझा म्हणाली. "फोरमनची सफाई. कडेकडेने. पण त्या माणसाचा हात खांद्यावर राहिला. तो कापला तर बापाचा खांदा जात होता. त्याला वाटलं, हाताचं काय एवढं."

घरी आलेल्या कुणीतरी विचारलं, हा हात कुणाचा? एवढंच. पंधरा दिवसांत सगळं कुटुंब दलदलीतल्या एका गावी पाठवलं. रोज सकाळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची.

"आणि तो थोरला, तुमचा हुकूमशहा, मेला तेव्हा?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"आम्ही कापसात खुरपत होतो. भोंग्यावर सांगितलं. देशात बाकी सगळीकडे रडलं नाही तर विचारायचे का रडली नाहीस. आमच्याकडून रडण्याची अपेक्षा नव्हती. आमची तोंडं बघायला माणूस ठेवला होता, कुणी हसतंय का. मी खाली वाकून खुरपत राहिले. तो दिवसभर वाकून वाकून माझं तोंड बघत होता. त्याची पाठ गेली."

मग नवा माणूस गादीवर आला, तो मवाळ आहे म्हणाले, आणि पाच वर्षं काही हललं नाही. नंतर राजधानीत विद्यार्थी रस्त्यावर आले, थोरल्याचा पुतळा दोर लावून पाडला, लोक मिळेल त्या जहाजावर चढून इटलीला पळाले. मिमोझाच्या गावात एवढंच झालं की एका सकाळी हजेरी घेणारा आला नाही.

"आम्ही तरी रांगेत उभे राहिलो. दुसऱ्या दिवशीपण. तिसऱ्या दिवशी बाप म्हणाला, मी आज नाही उभा राहत. आणि उंबऱ्यावर बसला. आई रडायला लागली, आत ये म्हणून. तो दुपारपर्यंत बसून होता, कुणी येतंय का बघत."

कुणी आलं नाही. त्याच वर्षी बाप गेला. त्याचा एकही फोटो तिच्याजवळ नाही.

मी घरी चालत आले. एक मोटार थांबली, लिफ्ट हवी का म्हणून. मी बसले, इतकी मी वरमलेली होते.

जून

"आई, तुमच्या मैत्रिणीला रविवारी जेवायला बोलवा ना," केतकी म्हणाली. श्रीरंग म्हणाला, "यार, आईला सहा आठवड्यांत फ्रेंड मिळाली. मला इथे चार वर्षं लागली." मी हो म्हणून बसले, आणि मग मला फोटोफ्रेम आठवली.

मदर्स डेला श्रीरंगने मला एक फ्रेम दिली होती. तिच्यात फोटो आपोआप बदलतात. माझे जुने अल्बम स्कॅन करून त्याने तिच्यात भरले होते, आणि त्यात शोकसभा होती. ईराला मी त्याची अशी गोष्ट सांगितली होती की आजी म्हणजे कुणी झाशीची राणी. आता तो फोटो काढ म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार. नातीसमोर राणीपद सोडायची माझी तयारी नव्हती. आणि मिमोझाने तो पाहिला तर त्या गावात दुपारी ज्या एका दारात मला खुर्ची होती, ते दार बंद होणार, हेही स्पष्ट दिसत होतं.

अडुसष्ट वर्षांच्या बाईने मग काय केलं? फ्रेमवर चहाचा रुमाल टाकला. शिवाय एक थाप तयार ठेवली: फोटोतला हार घातलेला माणूस म्हणजे आमचे सासरे. हॅटमधले.

मिमोझा पालकाची थरांची पोळी घेऊन आली. केतकीने भरली वांगी केली होती. मान कशी हलवायची याचे धडे झाले, सगळे हसले. आणि ईराने रुमाल उचलला. फ्रेमवर नेमकी शोकसभाच आली होती.

"आजी, व्हाय इज धिस कव्हर्ड?" मग तिच्या फाडफाड इंग्रजीत, मिमोझाला अभिमानाने, "धिस इज माय आजी. शी वॉज अ रिव्होल्यूशनरी."

मिमोझाने चष्मा चढवला. आधी माझ्या उघड्या तोंडाकडे पाहून ती हसली. मग तिचं बोट हाराकडे गेलं.

"हा इथे कसा?"

सासरे माझ्या जिभेवर आले होते. पण तिने बोट ठेवलं ते नेमकं त्या माणसाच्या खांद्यावर, जिथे आमचा हार सुरू होत होता, आणि मला थाप मारता येईना.

"तुमचा थोरला वारला तेव्हा आम्ही शोकसभा घेतली होती," मी म्हणाले. "मी घेतली. मी रडले होते. तुला सांगितलं नाही. हा तोच ना?"

"हा तो नाही," मिमोझा म्हणाली. "हा तो हात आहे."

जेवणाच्या टेबलावर बाकी कुणाला काही कळलं नाही. ज्याला घराघरातून कापून काढला, ज्याच्या एका हातापायी तिची नऊ वर्षं दलदलीत गेली, त्याच पंतप्रधानाला मी मासिकातून नेमका कापून घेऊन, ज्याने त्याला संपवला त्याच्याच शोकसभेत हार घालून ठेवला होता. पंचवीस मिनिटं भाषण करून.

ती हसेल असं मला क्षणभर वाटलं. तिने चष्मा काढून मिटला, केतकीचे आभार मानले आणि उठली.

"आँटी, मी ड्राइव्ह करून सोडतो," श्रीरंग म्हणाला.

"चालते," ती म्हणाली, आणि गेली.

मग मी घरच्यांना सगळं सांगितलं. ईराने शांतपणे ऐकून घेतलं. "सो यू वर राँग," ती म्हणाली, "अँड यू गॉट ईव्हन द राँग गाय." या पिढीला आडवळण माहीत नाही.

दहा दिवसांनी

दहा दिवस मी तळ्याकाठी फेऱ्या मारल्या. बदकं पाहिली. बदकांशी बोलून पाहिलं. अकराव्या दिवशी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. आत गिऱ्हाईक नव्हतं. काचेतून बघत तिने मला बरंच ताटकळू दिलं, मग मान आडवी हलवली. माझी इतकी तारांबळ उडाली की ते हो की नाही तेच आठवेना. शेवटी तिनेच दार उघडलं.

"मी रडले म्हणून रागावलीस?" मी विचारलं.

"नाही." तिने मशीनला दोरा ओवला. "रेडिओवर महिनाभर वाचून दाखवायचे. अमुक देशातल्या कामगारांनी शोक केला, तमुक देशातून तार आली. आम्ही म्हणायचो, हे लोक नसतीलच. कचेरीत बसून कुणीतरी बनवतंय. जगात एवढे बावळट कसे असतील. चाळीस वर्षं मी तेच धरून चालले. आणि तू निघालीस. खरी. थालीपीठ घेऊन येणारी."

"आत येऊन बसू का?" मी विचारलं.

"अंजीर नाही आज," ती म्हणाली. "कॉफी आहे. तो फोटो मला आणून दे."

अमेरिकेत फोटो औषधांच्या दुकानात छापून मिळतात. खोकल्याच्या औषधांशेजारी उभी राहून मी माझ्या मूर्खपणाची मोठी प्रत काढून घेतली आणि तिला नेऊन दिली. तिने ती काउंटरवर सपाट केली. बाजूला तिची मोठी कात्री पडली होती. ती मी उचलून तिच्यापुढे केली.

"त्याला काप," मी म्हणाले. "आणि कात्री हातात आहे तोवर मलाही. ते तोंड बघवत नाही."

"कात्री खाली ठेव," मिमोझा म्हणाली. "कापायचं काम आमच्याकडे फार झालं. सगळे राहू देत. तो, तू, मागचे ते बिचारे लोक. त्यांना माहीत होतं का कशाला बसवलंय?"

"नव्हतं. माग बंद होते, म्हणून बसले होते."

"शहाणे लोक," ती म्हणाली, आणि चार टाचण्या लावून तिने फोटो काउंटरमागच्या भिंतीवर टाचला, दोऱ्यांच्या रिळांच्या वर.

एवढ्यात एक उंच गोरे गृहस्थ पँट आखूड करायला आले. पट्टीने माप घेऊन होईपर्यंत त्यांची नजर फोटोवर होती. ती मूठ वर केलेली मुलगी कोण, त्यांनी विचारलं.

"माझी मैत्रीण," मिमोझा तोंडात टाचण्या धरून म्हणाली. "तेव्हा तिला काहीच कळत नव्हतं." मग माझ्याकडे न बघता, "आताही कमीच कळतं. पण आता आधी विचारते."